रागांचा माइंड मॅप: फ्रीप्लेनमधली सुरुवात

राग ऐकताना केलेल्या नोंदी वहीत नेहमी भलत्याच पानावर सापडतात. पूरिया ऐकत असताना हवी असलेली ओळ मारव्याखाली लिहिलेली असते. म्हणून सगळ्या नोंदी आता फ्रीप्लेन या माइंड मॅपच्या, म्हणजे मधोमध विषय आणि भोवती फांद्या असा नकाशा काढायच्या, सॉफ्टवेअरमध्ये हलवतोय. सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे, इंटरनेटशिवाय चालतं, देवनागरीत सरळ टाइप करता येतं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी मेन्यूंत शिरूच नये. टॅब दाबला की निवडलेल्या नोडला (नकाशावरच्या एका चौकटीला) फांदी फुटते, एंटरने शेजारी त्याच पातळीवरचा नोड येतो. एफ-२ने मजकूर बदलायचा, स्पेसबारने फांदी मिटायची-उघडायची. एवढ्यावर हात बसला की ख्याल चालू असतानाही नोंद होते. रंगरंगोटी मागाहून.

मधोमध ‘राग’ आणि भोवती पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे दहा थाट, म्हणजे स्वरांवरून केलेले रागांचे गट: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. हा सांगाडा एका बैठकीत उभा राहतो. माइंड मॅप लोकप्रिय करणाऱ्या टोनी बुझान यांचा आग्रह असे की एका फांदीवर एकच शब्द हवा. तो इथे फार उपयोगी पडतो. नोडवर फक्त रागाचं नाव लिहायचं. वादी-संवादी (रागातले सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर), प्रहर (रागाची वेळ), चलन (स्वरांची चाल) हे सगळं त्या नोडला जोडलेल्या टिपणात. नोडवर वाक्यं आली की नकाशा अस्ताव्यस्त पसरतो आणि एका नजरेत मावत नाही.

खरं काम यापुढे सुरू होतं. झाडात प्रत्येक फांदी एकाच खोडाला लागते. रागांचं नातं तसं नसतं. भूप आणि देसकार घ्या. स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूप कल्याण थाटात, देसकार बिलावलात. भूपाचा वादी गंधार (ग), रमणं पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकाराचा वादी धैवत (ध), जोर उत्तरांगावर, म्हणजे वरच्या अर्ध्यावर, वेळ सकाळची. नकाशावर दोघं दोन फांद्यांवर लांब जाऊन बसतात. अशा वेळी दोन्ही नोड निवडून त्यांच्यात कनेक्टर, म्हणजे जोडणारा बाण, काढायचा. त्या बाणाला मध्यावर लेबल देता येतं. मी लिहिलंय, ‘स्वर तेच, वादी वेगळा’. आसावरीतला दरबारी आणि काफीतला नायकी कानडा यांच्यामधल्या बाणावर ‘कानडा अंग’, म्हणजे कानडा रागांची खास वळणं. मारवा, पूरिया, सोहनी तर एकाच थाटात शेजारी आहेत, तिघांतही पंचम (प) वर्ज्य, तरी तिथेही बाण हवेच: पूरिया मंद्र (खालच्या) सप्तकात खुलतो, सोहनी तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) धावते.

माझं मत पक्कं होत चाललंय की थाटांची वर्गवारी पुस्तकात मिळतेच, आपल्या कानांनी जमवलेलं ज्ञान या बाणांत असतं. लेबल सुचत नसेल तो बाण मी ठेवत नाही. शोभेचे बाण वाढले की कामाचे दिसेनासे होतात.

प्रहरासाठी प्रत्येक रागाला आयकॉन दिलाय. फिल्टरमध्ये तो आयकॉन निवडला की तेवढेच राग आपापल्या थाटासकट उरतात. संध्याकाळी काय ऐकायचं हे ठरवायला याहून सोयीचं काही मला मिळालेलं नाही.

जोडराग, म्हणजे दोन राग मिळून झालेले राग, अजून बाकी आहेत. बसंत पूर्वी थाटातला, बहार काफीतला, मग बसंतबहार कुठे टांगायचा? फ्रीप्लेनमध्ये नोडचा क्लोन करता येतो: एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप उतरतो. तसा तो दोन्ही फांद्यांवर ठेवून बघणार आहे. कुणी जोडरागांची मांडणी वेगळ्या तऱ्हेने केली असेल तर जरूर कळवा.