कोणत्या समितीत पैसा आहे?

ब्रिटनमधल्या विद्यापीठातून सुट्टीत मुंबईला आले की जुन्या कॉलेजातल्या प्राध्यापक मैत्रिणी चर्चगेटला भेटतात. यंदा प्रश्न होता, "तुमच्याकडे मेंटॉर देतात म्हणे. ती करते काय?"

ब्रिटनमध्ये २०१३ पासून विद्यापीठांतल्या बायकांसाठी 'अरोरा' नावाचा नेतृत्व-प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. त्यात आपल्याच संस्थेतलं कुणी वरिष्ठ मेंटॉर म्हणून मिळतं. माझ्या मेंटॉरबाईंनी पहिल्याच भेटीत कागद पुढे केला: कोणकोणत्या समित्यांवर आहेस, लिही. लिहिलं. ओपन डे (प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना विद्यापीठ दाखवायचा दिवस), नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत, विद्यार्थी कल्याण. "आता जिथे पैशाचा निर्णय होतो, तिथे खूण कर." एकही खूण होईना.

मैत्रिणी खो खो हसल्या. नॅकची, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारी, टीम येणार म्हटलं की रांगोळी आणि सूत्रसंचालन मॅडमकडे, खरेदी समिती सरांकडे!

मुंबईला बायकांच्या नेतृत्वाचं वावडं नाही. कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाचं मुख्यालय तर चर्चगेटलाच आहे. (केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली, हे मी तिकडे मुद्दाम ऐकवते.) डॉ. स्नेहलता देशमुख १९९५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. गुणपत्रिकेवर आईचं नाव यावं, हा आग्रह त्यांचा. स्वागत समितीत बसून हे झालं नसतं.

मलाही इथे एक मॅडम लाभल्या होत्या. त्यांची शिकवणी संध्याकाळच्या बोरिवली फास्टमध्ये, लेडीज डब्यात. कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल कशी लावायची, विभागप्रमुखांना तोंडी न सांगता लेखी का द्यायचं, सगळं दादर ते अंधेरी. पण मी बोरिवलीची, म्हणून मला ते मिळालं. डोंबिवलीच्या मुली सीएसएमटीकडे पळायच्या, आणि जिला पाळणाघरातून पोर उचलायचं असे तिचा डबासुद्धा स्टाफरूममध्ये धड खाऊन होत नसे.

म्हणून तिकडचा तो कोरडा, कॅलेंडरवर टाकलेला तास मला पटतो. मेंटॉरबाई चहाचंही विचारत नाहीत, पण तास कामाच्या वेळेतला असतो. त्याने बढती मिळतेच असं नाही. तिथेही प्राध्यापकपदावर बायका निम्म्याहून बऱ्याच कमी आहेत.

आमच्यातली एक सध्या टाइमटेबल बघते. म्हणाली, "बुधवारी दुपारचा एक तास मोकळा काढते, नव्या मुलींसाठी. पण टाइमटेबलवर दाखवू काय?"

"कच्च्या मुलांचं रेमेडियल लिही," दुसरी म्हणाली. "कुणी विचारत नाही."