बंद जुना ॲम्प उघडला: लेफ्ट चॅनल उडालाय, राइट शाबूत

मंडळी, शेवटी घेतलाच. सत्तरच्या दशकातला जपानी इंटिग्रेटेड ॲम्प (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात असलेला ॲम्प्लिफायर), पुढे जाड ॲल्युमिनियमचं पॅनल, वर लाकडी कव्हर, आणि वजन असं की उचलताना कंबर विचारते, बाबा नक्की ना? विकणाऱ्याने सरळ सांगितलं होतं, "लाइट लागते, आवाज येत नाही, बाकी मला त्यातलं काही कळत नाही." असं ऐकलं की मला उलट बरं वाटतं. लाइट लागते म्हणजे ट्रान्सफॉर्मर बहुतेक जिवंत आहे, आणि अशा जुन्या ॲम्पमध्ये खरोखर न मिळणारी गोष्ट म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, बाकी (नॉब आणि फ्रंट पॅनल सोडून) सगळं काही ना काही करून जमवता येतं. "फक्त फ्यूज बदलला की चालू होईल" असं कुणी म्हणालं की मात्र सावध व्हायचं. तेवढ्यावर चालू होणार असता तर त्यानेच बदलून विकला नसता का?

यावेळी एक गोष्ट आधीच ठरवलीय. हा नेमका कशाने मेला ते कळेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. जळालेले आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला करंट देणारे मोठे ट्रान्झिस्टर) काढायचे, नवे बसवायचे, ऑन करायचं आणि दोन सेकंदात नवेपण घालवायचे, हा खेळ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेला आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर स्वतःहून क्वचितच मरतात, त्यांना कुणीतरी मारलेलं असतं.

तर प्लग न लावता आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघितला. जपानच्या घरगुती मार्केटसाठी बनलेले सेट १०० व्होल्टचे असतात, असला सेट थेट २२० वर लावला तर पुढचा लॉग लिहायला काही उरत नाही. यात सिलेक्टर होता आणि योग्य जागी होता. कव्हर काढलं, मेन फिल्टर कंडेन्सरवर मीटर लावला, काही व्होल्टेज नाही. असतं तर १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर लावून मिनिटभर धरायचं, १०,००० मायक्रोफॅरडला तेवढा वेळ लागतोच. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या काढणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आत धूळ भरपूर, पण कुणी हात लावलेला दिसत नाही. सगळे टाके फॅक्टरीचे, स्क्रूवरचा रंग तसाच. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण बिघडलेला ॲम्प दुरुस्त होतो, पण आधी कुणीतरी "दुरुस्त" केलेला ॲम्प म्हणजे दुप्पट काम. फिल्टर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी थर दिसला आणि क्षणभर वाटलं लीक झालेत, पण तो त्या काळातला चिकटवायचा ग्लू आहे. नवा असताना पिवळट आणि मऊ असतो, वर्षानुवर्षं गरम होऊन काळपट, कडक, जखमेवरच्या खपलीसारखा होतो आणि तेव्हाच धोकादायक बनतो, ओल धरतो, थोडा करंट वाहू देतो, शेजारच्या पार्टचे पाय खातो. तो सगळा लाकडी काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढला. त्याखाली एका रेझिस्टरचा पाय हिरवा पडलेला निघाला, लिस्टमध्ये टाकला.

दोन्ही रेलचे (म्हणजे प्लस आणि मायनस सप्लायचे) डीसी फ्यूज उडालेले. म्हणजे लाइट का लागते आणि आवाज का नाही याचं उत्तर इथेच मिळालं, पायलट लॅम्पला ट्रान्सफॉर्मरचं वेगळं वाइंडिंग आहे, त्याला या फ्यूजशी काही घेणं नाही. मग मीटर डायोड मोडवर टाकून हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर तपासले. राइट चॅनलची जोडी व्यवस्थित, जंक्शन ०.५ ते ०.६ च्या दरम्यान, उलट्या बाजूने ओपन. लेफ्टचे दोन्ही कलेक्टर-एमिटर थेट शॉर्ट. लेफ्टचा एक ०.४७ ओहमचा एमिटर रेझिस्टर ओपन, एक ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) लीक. स्टिरिओ ॲम्पचा हा मोठा फायदा, एक चॅनल चांगला असेल तर सर्किट डायग्राम नसला तरी चालतं, तीच जागा अन् तोच पॉइंट दुसऱ्या बाजूला मोजायचा आणि फरक कुठे पडतो ते बघायचं.

आता मुख्य प्रश्न, लेफ्टला मारलं कुणी? माझा पहिला संशय बायस ट्रिमपॉटवर होता (बायस म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडा करंट, ट्रिमपॉट म्हणजे तो सेट करायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर), जुने उघडे कार्बनचे, वायपर गंजलेला. पण मोजला तर ठीक निघाला. मग हीटसिंकवर चिकटवलेला तो छोटासा बायस डायोड, एकाच काळ्या पुडीत तीन जंक्शन सिरीजमध्ये असतात तो. राइटचा मीटरवर १.७ च्या आसपास दाखवतो, लेफ्टचा ओपन. लाकडी काडीने त्याचा एक पाय हळूच हलवला तर रीडिंग आलं, काडी काढली की गेलं. पाय पुडीच्या अगदी तोंडाशी तुटलाय, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, भिंगातून केसाएवढी चीर दिसते. इतकी वर्षं हीटसिंक तापतो, गार होतो, पाय प्रत्येक वेळी ताणला जातो, एक दिवस तुटतो. सापडला!

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ड्रायव्हर आणि आउटपुट मिळून बेस-एमिटरची चार जंक्शन होतात, म्हणजे साधारण २.४ व्होल्ट लागतात, त्यातले १.८ च्या आसपास हा डायोड देतो आणि उरलेले ट्रिमपॉटवर पडतात. हा डायोड हीटसिंकवर असतो कारण तापमान १ अंशाने वाढलं की जंक्शनचा व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो, ट्रान्झिस्टर तापले की डायोडही तापून बायस खाली आणतो. तो ओपन झाला की दोन्ही बेसमधला व्होल्टेज एकदम वाढतो, वरचा-खालचा ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण चालू होतात आणि रेलपासून रेलपर्यंत सरळ रस्ता मोकळा. नुसते आउटपुट बदलले असते तर नवी जोडीही त्याच वाटेने गेली असती.

मग लेफ्टच्या बोर्डाच्या सप्लायच्या वायर काढून स्लीव्ह घातली आणि नवे फ्यूज टाकून फक्त राइटवर ॲम्प चालू करून बघितला, अर्थात सिरीज बोर्डावर, म्हणजे मेनच्या वाटेत १०० वॉटचा साधा फिलामेंटवाला बल्ब लावून, आत शॉर्ट असेल तर तो करंट अडवतो. एलईडी बल्ब चालत नाही हो, दरवेळी कुणीतरी विचारतंच. बल्ब एकदम पेटला, मग उतरत उतरत फिलामेंट नुसती लालसर राहिली, हेच हवं होतं, भक्क पेटून तसाच राहिला असता तर आत अजून शॉर्ट आहे. काही सेकंद गेले आणि स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा टक् आवाज आला. हा आवाज ऐकायला मिळणं म्हणजे आउटपुटला डीसी नाही, प्रोटेक्शन सर्किट स्वतः जिवंत आहे, आणि मागच्या मालकाचे स्पीकरही बहुधा यानेच वाचवले असणार. राइटचा डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसताना आउटपुटला उरणारा डीसी, १८ मिलिव्होल्ट (५० च्या आत असला की मी झोपतो), एमिटर रेझिस्टरवर ८ मिलिव्होल्ट, म्हणजे १७ मिलिॲम्पच्या आसपास बायस. थोडा कमी वाटतो, पण अजून बल्बवर आहे, आत्ता हात लावत नाही.

रीकॅपचं (जुने कंडेन्सर काढून नवे टाकण्याचं) विचाराल म्हणून आधीच सांगतो, सरसकट सगळे कंडेन्सर आत्ता बदलणार नाही. आधी दोन्ही चॅनल चालू, मग रीकॅप. एकाच बैठकीत पन्नास पार्ट बदलले आणि ॲम्प चालू झाला नाही तर जुना फॉल्ट राहिला की नवा तयार झाला हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मोठे फिल्टर कंडेन्सर ईएसआर मीटरवर (कंडेन्सरचा आतला रेझिस्टन्स मोजणारा) छान आहेत, ते राहतील. इनपुटचे आणि फीडबॅकचे छोटे इलेक्ट्रोलिटिक नंतर जातील. इनपुटला २एससी४५८ ट्रान्झिस्टर आहेत, पाय काळे पडलेले, हा नंबर खरखरीसाठी बदनामच आहे, त्यांच्या जागी केएससी१८४५ बसवीन. दोन्हीचे पाय ई-सी-बी (एमिटर-कलेक्टर-बेस) क्रमाने, त्यामुळे वाकडे-तिकडे करावे लागत नाहीत, बीसी सीरिज टाकायची तर सी-बी-ई होतं आणि उलटं बसायची भीती.

लेफ्टसाठी आउटपुटची जोडी, दोन्ही ड्रायव्हर आणि दोन्ही एमिटर रेझिस्टर मागवलेत, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच, कारण मोठ्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे, नंबर बरोबर आणि आत चिप करंगळीच्या नखाएवढी सुद्धा नसते. मेटलचे टीओ-३ (हा केसचा प्रकार) आहेत, बॉडी म्हणजेच कलेक्टर, तेव्हा नवा मायका (मधे घालायचा, करंट न जाऊ देणारा पातळ पापुद्रा), पांढरी पेस्ट, आणि स्क्रू आवळल्यावर बॉडी ते हीटसिंक मीटरवर ओपन आहे ना ते बघितल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही.

अडलोय ते डायोडपाशी. ओरिजिनल नवा मिळणं कठीण, जुन्या स्टॉकचा मिळाला तर त्याचेही पाय तेवढेच जुने. सोपा उपाय म्हणजे तीन १एन४१४८ सिरीजमध्ये जोडून, स्लीव्हमध्ये घालून हीटसिंकला चिकटवायचे, पण काचेचे डायोड हीटसिंकला नीट टेकत नाहीत. दुसरा उपाय बीडी१३९ ट्रान्झिस्टर स्क्रूने हीटसिंकवर कसून त्याचा व्हीबीई मल्टिप्लायर करायचा, म्हणजे डायोडऐवजी तोच बायसचा व्होल्टेज देईल, उष्णता छान पकडतो पण ओरिजिनल बोर्डात बदल करावा लागतो. माझा कल पहिल्याकडे आहे, आणि करायचं तर राइटचाही आत्ताच बदलायचा, तो त्याच वयाचा आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, तासभर जोरात वाजवल्यावर बायस किती सरकतो ते.

तोवर राइट चॅनल एका टाकाऊ स्पीकरवर वाजतोय. व्हॉल्यूमला खरखर आहे आणि टेप मॉनिटरचा स्विच हलवला की आवाज गायब होतो, म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली आताच काढून ठेवतो.