पुणे ते गुहागर, ताम्हिणीमार्गे: साडेतीनशेचे वायपर, पंधराशेचे वायपर

जुलैत गाडी घेऊन गुहागरला निघणार असाल तर टायरची हवा बघाल तेव्हाच वायपरही बघून घ्या. आम्ही दोन गाड्यांनी गेलो. जाताना ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड, चिपळूण. येताना कुंभार्ली चढून कोयनानगर, पाटण आणि उंब्रजला हायवे. पुढे आमची म्हातारी हॅचबॅक, स्टिअरिंगवर मी. मागे धाकट्या दिरांची एसयूव्ही. आमच्या गाडीला नाना पेठेतून घेतलेली साडेतीनशे रुपयांची जोडी, त्यांच्या गाडीला ऑनलाइन मागवलेली पंधराशेची. निघताना भाऊजींनी माझ्या वायपरकडे बघून "वहिनी, घाटात हात बाहेर काढून पुसावं लागेल हं" असं म्हणून घेतलंच.

आधी खरेदीचं सांगते, कारण निम्मं काम तिथेच होतं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी कंपन्यांची नावं विचारायला लागले, तर काऊंटरवरचे काका म्हणाले, "ताई, कंपनी मागनं. आधी इंच सांगा." ते बरोबर होतं. वायपर इंचावर मिळतो आणि दोन्ही बाजूंचा इंच बहुतेक गाड्यांत वेगळा असतो. आमच्या गाडीला ड्रायव्हरकडे २१ आणि शेजारी १८ लागतो. पाकिटावर तेच ५३० आणि ४५० मिलीमीटर असं छापलेलं असतं, तेव्हा गोंधळू नका. घरून निघतानाच टेप लावून जुनं पातं मोजून न्या, किंवा सरळ जुनं पातंच काढून पिशवीत टाका. एखादा इंच आखूड चालून जातो. कडेला थोडी काच पुसायची राहते, एवढंच. लांब मात्र घेऊ नका, कारण मग दोन्ही पाती एकमेकांत अडकतात किंवा काचेच्या कडेच्या खांबावर आपटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हूक. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या वायपरच्या दांड्याचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं असतं, त्याला बाजारातलं जवळपास कुठलंही पातं बसतं. काही गाड्यांना बटणाचा किंवा चिमट्यासारखा खटका असतो, त्यांना वेगळं जोडणीचं प्लास्टिक लागतं. ते पाकिटात आहे की नाही हे दुकानातच उघडून बघा, घरी येऊन नाही.

तिसरी गोष्ट फारसं कोणी बघत नाही. पाकिटावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. वायपर म्हणजे शेवटी रबर आहे. ते ऊन आणि उकाड्याने कडक होतं, गाडीवर असो की दुकानाच्या दर्शनी काचेत टांगलेलं असो. दोन उन्हाळे टांगून राहिलेल्या महागड्या पात्यापेक्षा यंदाचं स्वस्त पातं केव्हाही बरं. काकांनी पहिली जोडी काढली ती मी तारीख बघून परत केली. त्यांनी न कुरकुरता आतल्या खोक्यातली दुसरी काढून दिली, म्हणजे त्यांनाही माहीत होतंच.

आता लोखंडी फ्रेमचं घ्यायचं की फ्लॅट? फ्रेमच्या पात्यात सांगाड्याची नखं रबराला ठरावीक जागी धरून दाबतात. फ्लॅटमध्ये आत वाकवलेली स्टीलची पट्टी असते, ती सगळ्या लांबीवर सारखा दाब देते. वेग वाढला की फ्रेमखाली वारा शिरून पातं काचेवरून किंचित उचललं जातं, फ्लॅट तसं फारसं उचललं जात नाही. त्यामुळे एक्सप्रेसवेवर रोज शंभरने जाणाऱ्याने फ्लॅट घ्यावं, त्यात काही वाद नाही. पण ताम्हिणीत कोण शंभरने जातंय? दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चाळीसने चाललेल्या गाडीला तो फायदा मिळतच नाही, आणि पैसे मात्र दुप्पट-तिप्पट जातात. ज्यांची गाडी कायम कोकणात असते त्यांचं गणित वेगळं. खाऱ्या हवेत फ्रेमचे सांधे गंजतात, जाम होतात आणि मग पातं काचेच्या गोलाईवर नीट बसत नाही. त्यांनी फ्लॅटच घ्यावं.

आणखी एक स्वस्त वाट आहे, नुसतं रबर बदलायची. फ्रेम सरळ आणि घट्ट असेल तर जुनं रबर ओढून काढून नवं सरकवता येतं, जोडी शे-दीडशेत होते. मात्र जुन्या रबरातल्या दोन बारीक धातूच्या पट्ट्या काढून नव्यात घालायच्या असतात, त्याही त्याच बाकाने. पाच मिनिटांचं काम आहे, पण दुकानदार ते स्वतःहून सुचवणार नाही.

बसवताना एकच काळजी घ्या. पातं काढलं की उघडा दांडा स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटतो आणि नवी काच हजारोंच्या घरात जाते. म्हणून काचेवर जाड टॉवेल अंथरा, मगच खटका दाबा.

तर रस्ता. पौड सोडून मुळशीचं धरण मागे पडेपर्यंत पाऊस भुरभुर होता, वायपर एका खटक्यावर. निवे गाव गेलं आणि पावसाने रंग दाखवला. ताम्हिणीतला पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. धबधब्यांचं पाणी रस्त्यावर, समोरच्या टेम्पोच्या चाकांचं पाणी आपल्या काचेवर. वायपर सगळ्यात जोरात टाकूनही पुढचं वळण दिसत नसेल तर तो वायपरचा दोष नव्हे. पार्किंग लाइट लावून सुरक्षित रुंद जागा बघून थांबायचं, दरडीखाली मात्र नाही. शनिवार-रविवारी रस्त्यात गाड्या लावून भिजणारी मंडळी असतात, त्यामुळे शक्यतो मधल्या वारी आणि सकाळी लवकर निघा. जोराचा पाऊस झाला की कधीकधी हा घाट वाहतुकीला बंद करतात, तेव्हा आदल्या रात्री चौकशी करून ठेवा.

घाटात काच धुरकट झाली की अनेकजण वायपर वाढवतात आणि वायपरलाच शिव्या घालतात. आधी बोट लावून बघा. आतून पुसलं जात असेल तर तो माणसांच्या श्वासाचा आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा. एसी चालू करून हवा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत घ्या, काच लगेच निवळते. बाहेरून पुसलं जात असेल तर एसी फार थंड झालाय. तापमान थोडं वाढवा आणि वायपरचा एक फटका मारा. सासूबाईंना एसी सोसत नाही, म्हणून आम्ही हीटरचं बटण अर्ध्यावर ठेवून एसी चालू ठेवला. हवा कोरडी राहते आणि पायांना थंडीही वाजत नाही.

विळ्याला उतरेपर्यंत भाऊजींचे दोन फोन येऊन गेले होते. त्यांचं ड्रायव्हरकडचं पातं काचेवर थरथरत, खर्र-खर्र करत चाललं होतं आणि ऐन नजरेसमोर तेलकट पट्टा सोडत होतं. माणगावात वडापावला थांबलो तेव्हा पातं उचलून बघितलं. रबर मऊ, धार सरळ, कुठे चीर नाही. मग काचेवरून ओलं बोट फिरवलं तर ते घसरलं. गाडी आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरमध्ये दिली होती आणि त्यांनी चमक यावी म्हणून पॉलिश काचेवरही फिरवलं होतं. वायपरची धार जाताना एका बाजूला कलते आणि परतताना दुसऱ्या बाजूला उलटते. काचेवर मेणाचा थर असला की ती नीट उलटत नाही, उड्या मारते. टपरीवरून शाम्पूच्या दोन पुड्या घेतल्या, बाटलीभर पाणी आणि डब्यातला भांडी घासायचा मऊ स्पंज. घासणीची हिरवी, खरखरीत बाजू काचेला लावायची नाही. काच दोनदा घासून धुतली आणि ओल्या फडक्याने रबराची धार एका दिशेने पुसली, तर फडक्यावर काळीकुट्ट रेघ उठली. महाडपर्यंत खर्र-खर्र गेली होती. पंधराशेची पाती वाईट नव्हती, काच वाईट होती. माझी साडेतीनशेची जोडी चालली त्याचं अर्धं श्रेय आदल्या संध्याकाळी धुतलेल्या काचेला आहे.

काचेवर उमटणाऱ्या पट्ट्यांवरूनही रोग कळतो. बारीक रेघा उमटत असतील तर धारेत माती अडकलीय किंवा रबर चिरलंय. मधेच रुंद भाग कोरा राहत असेल तर फ्रेम वाकलीय किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झालीय, तिथे नवं पातं घेऊन उपयोग नाही. एकाच दिशेला आवाज येत असेल तर रबर एका बाजूला कललेलं राहून तसंच कडक झालंय. निघायच्या आधी पाणी मारून सावकाश वेगावर वायपर चालवा, सगळं दिसतं.

महामार्गावर त्रास पावसापेक्षा चिखलाचा. पाऊस थांबलेला, पुढे ट्रक, आणि काचेवर लाल फवारा. अशा वेळी कोरडा वायपर फिरवला की माती सँडपेपरसारखी घासते. आधी काचेवर पाणी मारा, मग वायपर. त्यासाठी काच धुवायच्या पाण्याची टाकी भरलेली हवी आणि फवाऱ्याची भोकं टाचणीने मोकळी केलेली हवीत. कशेडीच्या बोगद्यात शिरताना वायपर बंद करायला बरेच जण विसरतात. तिथेही कोरडी घासाघीस होते.

गुहागरला पोचल्यावर आणि निघतानाही काच नि पाती गोड्या पाण्याने धुवा. समुद्राकाठी रात्रभर उभ्या गाडीच्या काचेवर मिठाचा थर बसतो. परतताना कुंभार्लीत धुकं होतं, पाऊस बेताचा. पातं फाटायला आलं असेल तर घाट चढण्याआधी चिपळुणातच बहादूरशेख नाक्याच्या आसपास घेऊन टाकावं. वर घाटात काही मिळत नाही. अगदीच अडलं तर शेजारच्या बाजूचं पातं काढून ड्रायव्हरकडे लावा. हूक सारखा असेल तर बसतं, दोन-चार इंच आखूड पडलं तरी समोरचं दिसतं. उघड्या राहिलेल्या दांड्याला फडकं गुंडाळून घट्ट बांधा, नाहीतर वायपर चालू करताच काचेवर ओरखडा निघेल. तंबाखू किंवा बटाटा चोळून काच पुसायचा उपाय जुने ड्रायव्हर सांगतात. थोडा वेळ पाणी पांगतं, पण रात्री समोरच्या लाइटने सगळं चमकतं, त्यामुळे घाटात नकोच.

मागच्या काचेचा वायपर असेल तर तो या हिशेबात धरू नका. त्याची जोडणी बहुतेक गाडीनुसार वेगळी असते आणि तो नुसत्या इंचावर मिळत नाही. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून त्याच गाडीचं पातं घ्यावं लागतं. उन्हाळ्यात तो कधी फिरतच नाही, म्हणून पावसाच्या पहिल्या दिवशी बहुतेक वेळा तोच आधी फाटतो.