कृष्णकमळावरची भाऊबंदकी

बाल्कनीतल्या कृष्णकमळाची यंदा पार चाळण झाली. तांबूस, काटेरी अळ्या उचलून फेकणार होते, पण धीर झाला नाही. मग त्यांतून नारिंगी फुलपाखरं निघाली, टॉनी कॉस्टर. उडणं इतकं निवांत, की जेवण झाल्यावर शतपावली चालल्यासारखं. घाई करतील कशाला? अंगात विष, पकडलं तर पिवळा द्रव सोडतात. पक्षी वाटेला जात नाहीत.

शास्त्रीय नाव ॲक्रिया टर्प्सिकोरी. त्यातलं ॲक्रिया हे घराण्याचं, म्हणजे आडनावच. ते शोधत गेले आणि थेट आफ्रिकेत पोचले. ॲक्रियांचं मूळ घर तिकडचं, सहाराच्या दक्षिणेचं. आपल्याकडं आलेले मोजकेच. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञानं १८०७ मध्ये ॲक्रिया हे नाव दिलं आणि पुढं घराणं इतकं वाढलं की वाटणीची वेळ आली.

घोळ झाला तो दक्षिण अमेरिकेतल्या नातेवाइकांमुळं. तिथल्या फुलपाखरांचं आडनाव वेगळं, ॲक्टिनोटी. २००८ साली डीएनएवरून दिसलं, की ही मंडळी ॲक्रियांच्याच वंशावळीत मधेच बसतात. समजा, कुलकर्ण्यांची एक पाती नगरला जाऊन नगरकर झाली. गावात राहिलेल्या कुलकर्ण्यांतले निम्मे त्या नगरकरांचे सख्खे चुलत, उरलेले लांबचे. आता एकच आडनाव सगळ्या कुलकर्ण्यांना कसं पुरणार? काही फ्रेंच अभ्यासकांनी ॲक्रियांतल्या जवळच्या निम्म्यांनाही ॲक्टिनोटी करून टाकलं. इतरांनी ह्यूब्नर या जुन्या कीटकशास्त्रज्ञानं १८१९ मध्ये दिलेलं टेल्किनिया हे नाव माळ्यावरून खाली काढलं आणि त्या जवळच्या निम्म्यांना दिलं. मला हेच पटतं. जन्मात अटलांटिक न ओलांडलेल्यांना अमेरिकेतलं आडनाव कशाला?

चूलही बरीचशी वेगळी आहे म्हणा. ॲक्रियांच्या पुष्कळ अळ्या कृष्णकमळाच्या कुळावर वाढतात, टेल्किनियांच्या पुष्कळशा बिच्छूघास या खाजऱ्या वनस्पतीच्या कुळावर. हिमालयातला यलो कॉस्टर टेल्किनियांच्या वाट्याला गेला. आमचा टॉनी मात्र ॲक्रियातच राहिला.

त्याचंही पाळण्यातलं नाव बदललंच. माझ्या जुन्या पुस्तकात तो ॲक्रिया व्हायोली आहे. पण शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्येच टर्प्सिकोरी म्हटलं होतं, आणि ज्येष्ठाचा मान मोठा. मी पेन्सिलनं दुरुस्ती केली. शाईनं करायचं धाडस नाही.

वेलीला नवी पालवी फुटली आहे. काल एक मादी पानाच्या खालच्या अंगाला पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालून गेली.