तुम्ही विचारलंत म्हणून: अग्रेसिव्ह रेझरची पहिली दाढी

“साधा दुधारी रेझर वर्षभर वापरतोय. आता अग्रेसिव्ह घ्यावा म्हणतो. कापणार तर नाही ना?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की एकदा नीट लिहूनच टाकावं. उत्तर असं की एक अट पाळलीत तर कापणार नाही. चेहऱ्यावरून दोनच हात फिरवायचे, तिसरा नाही. एक हात म्हणजे सगळ्या चेहऱ्यावरून रेझरची एक फेरी. अग्रेसिव्ह रेझर, म्हणजे ज्यात ब्लेडची धार जास्त बाहेर डोकावते तो, घ्यायचा तोच मुळी हात कमी पडावेत म्हणून. कार्ट्रिजची, म्हणजे तीन-चार पात्यांचं तयार डोकं लावायच्या रेझरची, सवय असलेली माणसं हा रेझर आणतात आणि जुन्या सवयीने एकाच जागेवर चारदा फिरवतात. मग गळ्याची आग होते आणि रेझर कपाटात जातो.

अग्रेसिव्ह म्हणजे जास्त धारदार असा समज आहे, तो आधी काढून टाका. धार ब्लेडला असते, आणि दुधारी ब्लेड मापाला सगळीकडे सारखंच: साधारण 43 मिलिमीटर लांब, 22 रुंद आणि 0.1 मिलिमीटर जाड. देशी सुपरमॅक्स घ्या की जपानी फेदर, कुठल्याही रेझरमध्ये बसतं. सलूनमधल्या वस्तऱ्यातही बहुतेक वेळा याच ब्लेडचा अर्धा तुकडा असतो. फरक पडतो तो रेझरच्या डोक्यामुळे. ब्लेडची धार आणि खालची दांडी (धारेखालचा, कातडीला टेकणारा आडवा काठ; हातात धरायचा तो दांडा वेगळा) यांच्यामध्ये जी फट असते ती गॅप. वरची कॅप आणि खालची दांडी यांना टेकेल अशी एक रेघ मनात ओढा. धार त्या रेघेच्या किती बाहेर डोकावते ते एक्स्पोजर. मवाळ रेझरमध्ये धार रेघेच्या आत किंवा जेमतेम रेघेवर असते, अग्रेसिव्हमध्ये ती बाहेर येते. जाहिरातीत फक्त गॅपचा आकडा छापतात, पण हाताला जाणवतं ते एक्स्पोजर. म्हणून सारख्याच गॅपचे दोन रेझर अगदी वेगळे वागू शकतात. त्या आकड्यावर भरवसा ठेवून खरेदी करू नका.

आणखी एक गैरसमज दातेरी रेझरचा. ओपन कोंब, म्हणजे दांडीच्या जागी कंगव्यासारखे दाते, दिसला की लोक त्याला अग्रेसिव्ह म्हणतात. दात्यांचं काम वाढलेल्या दाढीला आणि फेसाला वाट करून देणं, एवढंच. मर्कर या जर्मन कंपनीचे दातेरी रेझर चांगले मवाळ आहेत. उलट म्यूले या दुसऱ्या जर्मन कंपनीचा आर41 दातेरीही आहे आणि अग्रेसिव्हही, कारण त्यात धार बाहेर आलेली असते. त्याच कंपनीच्या आर89 चा दांडा त्याला बसतो, त्यामुळे आर89 असेल तर नुसतं डोकं बदलून भागतं. मनात धाकधूक असेल तर अ‍ॅडजस्टेबल घ्या, म्हणजे आकडा फिरवून कमी-जास्त अग्रेसिव्ह करता येतो असा रेझर. मर्कर फ्यूचरवर 1 ते 6 आकडे असतात, पार्कर व्हेरिएंटवर 1 ते 5. दोनावर सुरुवात करायची आणि तीन दाढ्या बिनरक्ताच्या झाल्या की एक आकडा वाढवायचा. पहिल्या अग्रेसिव्ह रेझरसाठी माझं मत याच बाजूला आहे.

हा रेझर कोणासाठी, तेही सांगतो. राठ केस, आणि दाढी दोन-तीन दिवसांनी एकदा: अशा माणसाला याचा खरा फायदा. मवाळ रेझरला जे खुंट तीन हातांत निघतात ते इथे दीड-दोन हातांत निघतात. रोज सकाळी दाढी करणाऱ्याने मवाळच वापरावा. एका दिवसाच्या खुंटांना एवढं एक्स्पोजर लागत नाही, आणि कालची कातडी अजून पुरती सावरलेली नसते. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाताला कंप असेल, तर हा बेत सोडून द्या.

आता ब्लेड. पहिल्या दिवशी नवा रेझर आणि नवं ब्रँड असं दोन्ही एकदम करू नका, नाहीतर बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. जुन्या रेझरमध्ये जे ब्लेड तुम्हाला मानवतं तेच घ्या, मात्र कोरं घ्या. बोथट ब्लेड अग्रेसिव्ह रेझरमध्ये जास्त वाईट. धारेचा उघडा भाग मोठा असल्याने ती केसावर आदळून थरथरते, केस कापण्याऐवजी ओढते, आणि आपण नकळत दाब देतो. चार दाढ्या झाल्या की ब्लेड बदलायचं. केस फार राठ असतील तर तिसऱ्यानंतरच.

ब्लेड बसवताना ते दोन आखूड टोकांना धरायचं. कॅप उलटी करा, तिच्या खिळ्यांवर ब्लेड ठेवा, वर बेसप्लेट (डोक्याचा खालचा, दांडी असलेला भाग) बसवा आणि तीही टोकांकडूनच दाबून धरत दांडा फिरवा. मग रेझर उजेडात धरून टोकाकडून पाहा. दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर दांडा अर्धा आटा सैल करून, बेसप्लेट सरळ करून पुन्हा आवळा. मवाळ रेझरमध्ये हा तिरकेपणा खपून जातो. इथे मात्र एक गाल गुळगुळीत होतो आणि दुसऱ्यावर रक्ताचे ठिपके उठतात.

दाढी करण्याआधीच्या संध्याकाळी, दीड-दोन दिवसांचे खुंट असताना, बोटांनी चेहरा चाचपून पाहा. ज्या दिशेने बोट मऊ सरकतं तिकडे केस वाढतात, खरखरतं ती उलटी दिशा. गालांवर बहुधा वरून खाली असतं. गळ्यावर मात्र काहीही असू शकतं: जबड्याखाली आडवं, कंठमण्याच्या बाजूला भोवरा, आणि काहींचे केस तर खालून वर जातात. कागदावर चेहऱ्याची आकृती काढून बाण मारून ठेवा आणि आरशाला चिकटवा. हे पोरकट वाटेल, पण गळ्यावर होणाऱ्या जखमांपैकी बऱ्याच या एका कागदाने टळतात.

फेसाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच होते. आंघोळीनंतर लगेच दाढी करा, किंवा दोन-तीन मिनिटं चेहरा कोमट पाण्याने भिजवत राहा. पाणी प्यायलेला केस फुगून मऊ होतो. ब्रश भिजवून पिळून घ्या. क्रीम बदामाएवढी पुरे. फेटताना पाणी एकदम न ओतता अर्धा-अर्धा चमचा घालत जा. मुंबईचं पालिकेचं पाणी तलावांचं, म्हणून मऊ आहे. फेस लवकर होतो. सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर तेच क्रीम तेवढ्याच पाण्यात फुटून जातं. तेव्हा दाढीपुरतं एक मगभर पिण्याचं पाणी बाजूला काढा. बरोबर जमलेला फेस घट्ट दह्यासारखा असतो, त्याला चकाकी असते आणि मोठे बुडबुडे नसतात. तो उभा राहत असेल पण निस्तेज दिसत असेल तर कोरडा आहे, अजून थोडं पाणी घाला. खाली ओघळला तर पातळ झाला, थोडी क्रीम घाला. मवाळ रेझर कोरड्या फेसावरूनही सरकतो, अग्रेसिव्ह सरकत नाही. आणि पंखा बंद करा. खोलीत खिडकीपाशी आरसा लावून दाढी करणाऱ्यांचा फेस डाव्या गालावर हात पोहोचेपर्यंत सुकलेला असतो.

हात कसा धरायचा? दांड्याचं टोक अंगठा आणि दोन बोटांत, ओंजळीतलं फूल धरावं इतकं हलकं. रेझरची नुसती कॅप गालाला टेकवा. दांडा तेव्हा चेहऱ्यापासून सरळ बाहेर, जमिनीला समांतर असेल. आता रेझर खाली सरकवत दांडा हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी केस कापल्याचा आवाज येईल तिथेच थांबा. तो तुमचा कोन. धार बाहेर आलेली असल्याने हा कोन मवाळ रेझरपेक्षा लवकर सापडतो, आणि सवयीने दांडा आणखी खाली नेलात की धार कातडी खरवडू लागते. म्हणजे ओझं कॅपवर असलं पाहिजे, दांडीवर नव्हे. कानाचा भरवसा धरा. कुरकुरीत, एकसारखी खरखर येत असेल तर केस कापले जाताहेत. आवाज बसला आणि कातडी ओढल्यासारखी वाटली तर कोन चुकला. दाब शून्य. रेझरचं वजन 60 ते 120 ग्रॅमच्या आसपास असतं, तेवढं पुरतं.

एका फेरीतली प्रत्येक ओढ आखूड ठेवा, दोन-तीन सेंटिमीटरची. लांब ओढलं की गालाचं वळण बदलतं आणि कोन सुटतो. प्रत्येक दोन ओढींनंतर रेझर पाण्यात हलवा आणि बाजू बदला. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा. फेसाने बोटं घसरत असतील तर तुरटीचा ओला खडा बोटांच्या टोकांना घासा, पकड लगेच येते. रेझर आडवा कधीही सरकवू नका, म्हणजे धारेच्या लांबीच्या दिशेने. टोमॅटोवर सुरी फिरवावी तसं ते होतं. रेषेसारखी लांब जखम होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि ती होते बहुतेक वेळा हनुवटीपाशी, हात वळवताना.

पहिल्या दिवशी नव्या रेझरने फक्त दोन गाल करा. मिशीची जागा, हनुवटी आणि गळा जुन्याच रेझरने. यात कमीपणा काही नाही. गालावर सपाट जागा मोठी, तिथे कोन हाताला शिकता येतो. तिसऱ्या दाढीला गळा घ्या, पाचव्या-सहाव्याला हनुवटी आणि वरचा ओठ. पहिला हात सुलटा, केसांच्या दिशेने. पुन्हा फेस लावा. दुसरा हात आडवा, कानाकडून नाकाकडे. इथे थांबायचं. आडवा हात म्हणजे केसांच्या दिशेला आडवा. रेझर मात्र धारेसमोर सरळच चालतो. उलटा हात पहिला महिनाभर नको, आणि गळ्यावर तर मी म्हणेन कधीच नको. उलट्या हाताने केस कातडीच्या खाली कापला जातो, वाढताना टोचून आतच वळतो आणि त्याची पुळी होते. कुरळे केस असतील तर हमखास. वर घाम आणि शर्टाची कॉलर आहेतच.

म्हणूनच मुंबईकरांना माझा आग्रह आहे की ही दाढी रात्री करा. सकाळी दाढी करून वीस मिनिटांत गर्दीच्या लोकलमध्ये चढलं की ताज्या कातडीवर घामाचं मीठ झोंबतं, आणि आपण समजतो की रेझर वाईट. रात्री केली तर कातडीला सात-आठ तास मिळतात.

संपल्यावर थंड पाणी, मग तुरटीचा खडा ओला करून सगळीकडे फिरवा, मिनिटभर थांबून धुवा. तुरटी बारीक रक्त थांबवते, आणि तुमची चूकही दाखवते. जिथे झोंबली तिथे दाब पडला होता किंवा जास्त हात फिरला होता. एकाच गालावर झोंबत असेल तर ब्लेड तिरकं बसलंय का बघा. सगळ्या चेहऱ्याची सारखीच आग होत असेल तर फेस कोरडा होता. सुईने टोचल्यासारखे ठिपके उठले असतील तर दाब. खुंटांचे चट्टे राहिले असतील तर कोन हलला, आणि ते चट्टे त्याच दिवशी पुन्हा खरवडून काढायचे नाहीत. उद्यापर्यंत ते कोणाला दिसत नाहीत, सोललेला गळा मात्र दिसतो. स्पिरिटवाला आफ्टरशेव्ह पहिले काही दिवस बाजूला ठेवा, कोरफडीचं जेल पुरेसं आहे.

पावसाळ्यात रेझर बाथरूममध्ये ठेवू नका. वापरल्यावर धुवा, झटका, दांडा अर्धा आटा सैल करा आणि हवेशीर जागी उभा ठेवा. ब्लेड कपड्याने पुसू नका, धार जाते आणि बोटही जातं. मध्यम किमतीच्या बऱ्याच रेझरांचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, वर क्रोमचा मुलामा. त्याला ओरखडा पडून आत ओल शिरली की आतला धातू खायला लागतो. ब्रश केस खाली करून टांगा, नाहीतर जुलैत त्याला कुबट वास येतो.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, ओल्या कचऱ्यात तर नाहीच. पालिकेचे सफाई कामगार तो कचरा हाताने उचलतात. पावडरीच्या किंवा बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडा आणि झाकण टेपने बंद करा. वर्षानुवर्षांची ब्लेडं त्यात मावतात. भरला की चिरेवरही टेप लावा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा घेणाऱ्याच्या हातात सांगून द्या.