जोन्स कुटुंबाची पत्रं: शेवटच्या रकान्यातून काय निघालं

मंडळी, तक्ता आता कामाचा झाला आहे. जॉर्जियातल्या जोन्स कुटुंबाची १८५० ते १८६८ या काळातली जी पत्रं छापील खंडांतून आणि प्रतिमांतून हाती आली, ती तारीखवार लावून झाली. माणसांची सूची निम्म्याच्या वर आली. आणि पत्राच्या तळाशी येणाऱ्या निरोपांच्या ज्या रकान्याला आपल्यातल्या दोघातिघांनी ‘रिकामा उद्योग’ म्हटलं होतं, त्यानंच या खेपेला सगळ्यात जास्त दिलं. त्याबद्दल सविस्तर लिहिते, बाकीचं धावतं.

नवीन मंडळींसाठी आधी थोडी ओळख. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत, सव्हाना शहराच्या खाली साधारण ५० किलोमीटरवर लिबर्टी काउंटी आहे. खाडीचा, दलदलीचा मुलूख. पीक भाताचं आणि लांब धाग्याच्या सी आयलंड कापसाचं. बटन ग्विनेट आणि लायमन हॉल या इथल्या दोघांच्या सह्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहेत; इथल्या लोकांनी स्वातंत्र्याची बाजू घेतली, त्यावरून काउंटीचं नाव लिबर्टी. याच काउंटीत १८६० साली गुलामांची संख्या गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त होती. यावर वेगळी टिप्पणी करत नाही.

कुटुंबप्रमुख रेव्हरंड चार्ल्स कोलकॉक जोन्स (१८०४–१८६३), प्रेस्बिटेरियन पाद्री. पत्नी मेरी त्यांची सख्खी चुलतबहीण. मोठा मुलगा बापाच्याच नावाचा (म्हणून खाली ‘धाकटा चार्ल्स’), वकील, १८६०-६१ साली सव्हानाचा महापौर. दुसरा जोसेफ, डॉक्टर. धाकटी मेरी शार्प, तीही पुढे पाद्र्यालाच दिली. माँटेव्हिडिओ, आर्केडिया आणि मेबँक असे तीन मळे, आणि त्यांवर शंभराहून अधिक गुलाम. मुलं शिकायला प्रिन्स्टन, हार्वर्ड, फिलाडेल्फिया अशी पांगली म्हणून पत्रं वाहू लागली. आईबाप मळ्यावरून लिहायचे, टपाल राइसबरोहून निघायचं. त्या आधीचे बरेच कागद १८५० साली साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावी राहत्या घराला आग लागली तेव्हा गेले. उरलेले आज तीन ठिकाणी विभागलेले आहेत: न्यू ऑर्लिन्सचं ट्युलेन विद्यापीठ, अथेन्सचं जॉर्जिया विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायनातलं ड्यूक. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर (१८६१–६५) मुलगी आणि डॉक्टर मुलगा दोघंही न्यू ऑर्लिन्सला गेले, १८६८ मध्ये आईही लेकीकडे गेली, हे लक्षात ठेवलं की ट्युलेनचं कोडं पडत नाही. निवडक पत्रांचा जाडजूड खंड येल विद्यापीठानं १९७२ साली छापला. आपल्यासारख्यांना आधार त्याचाच. पण तो प्रामुख्यानं घरच्या मंडळींच्या आपसातल्या पत्रांचा आहे, हे विसरून चालत नाही.

आता तक्ता. रकाने नेहमीचेच: तारीख, ठिकाण, कुणाचं, कुणाला, पोचल्याचा शेरा, उत्तराची तारीख, विषय. शेवटी मी एक जोडला, ‘हाउडी’चा, म्हणजे ‘हाउ डू यू डू’चा, खुशालीच्या निरोपाचा. जोन्सांच्या घरातल्या पत्रांच्या शेवटी गुलामांचे निरोप असतात. नोकरमंडळींनी हाउडी सांगितलाय, नोकरमंडळींना आमचा हाउडी सांगा, अमकी विचारत होती. आपल्याकडे पत्राच्या तळाशी ‘वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ येतं आणि आपण वाचताना ते सोडून देतो, तसंच तिकडचे वाचकही ही ओळ सोडून देत आले असणार. नियम असा केला की ‘सगळ्यांचा हाउडी’ एवढंच असेल तर फुली, नाव असेल तर नोंद. पत्रात ‘सर्व्हंट’ असतं, माझ्या तक्त्यात मी ‘गुलाम’ लिहिते. घरच्यांची भाषा जपायची जबाबदारी माझ्यावर नाही.

हे कशासाठी, तर १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या आहेत, पण त्यांत नावं नाहीत. मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग, वर्ण, बस्स. नाव मिळतं ते पत्रांत, मृत्युपत्रांत, विक्रीच्या कागदांत. म्हणून पेशन्स (स्वयंपाकीण), तिचा नवरा पोर्टर (सुतार), गाडीवान गिल्बर्ट, मुकादम केटो ही माणसं मला आधी सापडली ती पत्रांच्या तळाशी.

हा रकाना नावावार लावल्यावर तीन कागद एकमेकांशेजारी येऊन बसले. तारीखवार यादीत ते इतके लांब होते की एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असं वाटलंही नसतं.

पहिला, ३ सप्टेंबर १८५२. रेव्हरंड जोन्स तेव्हा मिशन बोर्डाच्या कामासाठी फिलाडेल्फियात होते आणि मळा मुकादमांच्या भरवशावर होता. मुकादम म्हणजे इथं ‘ड्रायव्हर’, तोही गुलामच. या किनाऱ्यावर दिवसभर राबवण्याऐवजी प्रत्येकाला काम नेमून द्यायची पद्धत होती, बहुधा पाव एकराचा तुकडा. तो संपला की उरलेला वेळ आपला. नेमून देणारा आणि झालं की नाही ते बघणारा मुकादम. माँटेव्हिडिओचा केटो पत्र सांगे आणि दुसरं कुणी ते लिहून घेई. (गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं जॉर्जियात १८२९ च्या कायद्यानं गुन्हा होता.) पिकापाण्याची हकीकत झाल्यावर केटो माणसांवर येतो. फीबीचं आणि माझं सध्या बरं चाललंय, काम चोख करते, पण मधूनमधून तिला उसळी येते. तसं केलं तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक आहे, असं तो कळवतो. फीबीचा नवरा कॅशियस, त्याच्याबद्दलही तक्रार आहे: प्रार्थनेला येणं सोडलंय. मालकाला खूश करणारं, सावध, पोक्त पत्र. वाचताना मी त्यावर ‘पीकपाणी’ एवढाच विषय टाकला होता.

दुसरा कागद १७ मार्च १८५७ चा. मधली हकीकत अशी. १८५६ च्या उन्हाळ्यात फीबीची मुलगी जेन पळाली. सव्हानात नाव बदलून कामाला लागली आणि शरद ऋतूत पकडली गेली. त्यावर बापलेकांचा जो पत्रव्यवहार झाला तो मला सगळ्या संग्रहात सगळ्यात जड गेला, कारण त्यात कुठेही आवाज चढलेला नाही. सव्हानापासून लांब विकावं, कुटुंब फोडू नये, गिऱ्हाईक चांगलं बघावं. एखादी म्हैस विकावी तशी शांत, हिशेबी चर्चा. शेवटी जेनला आईबापांसकट विकलं. याच माणसानं १८२९ साली प्रिन्स्टनहून मेरीला, लग्नाआधी, गुलाम बाळगावेत की नाही याचा निर्णय होत नाही असं लिहिलं होतं. आणि १८३० च्या दशकात त्यानं गुलामांसमोर पळून जाण्याविरुद्ध प्रवचन केलं तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले, हेही त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलंय. रेव्हरंडांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्यानं काय साधलं याबद्दल आहे.

तर १८५७ चं हे पत्र न्यू ऑर्लिन्सहून आलं, फीबी आणि कॅशियसनं पाठवलेलं. वर्णलेखन कानानं केलेलं: ‘फीबी’चं स्पेलिंग भलतंच, कॅशियसचा ‘कॅश’. डीलायन्स नावाच्या गृहस्थांना विनंती केली आहे की माझ्या मुलीला, क्लॅरिसाला, आणि नॅन्सीला खूप खूप हाउडी सांगा. म्हणजे कुटुंब न फोडता विकलं म्हणतात, त्यातली एक लेक मागेच राहिली होती. आम्ही १ जानेवारीला सव्हाना सोडलं. त्यांची बहीण जेन १ फेब्रुवारीला वारली. काही डॉक्टर फुप्फुसाच्या आवरणाची सूज म्हणाले, काही क्षय म्हणाले. मग, आम्हाला आकसानं विकलं तरी ते आमच्या भल्याचंच ठरेल अशी आशा आहे. पोर्टर आणि पेशन्सला प्रेम. व्हिक्टोरियाचं तिच्या मावस-चुलत बहिणींना, बेक आणि मायलीला, प्रेम. घर मिळेपर्यंत आणखी सांगण्यासारखं काही नाही. तुमची प्रेमळ आई.

आणि त्यातच एक निरोप केटोला: आम्हाला इथं जे अन्न फेकून द्यावं लागतं, तेवढ्यात तुमचा मळा एक हंगाम जेवेल.

पहिल्या वाचनात मी हे वाक्य ‘आम्ही सुखात आहोत, काळजी नको’ या खात्यात टाकलं होतं. अभ्यासकही अशा वाक्यांकडे धीर देण्याची रीत म्हणून बघतात, आणि ते काही अंशी असेलही. पण निरोप पोर्टरला नाही, पेशन्सला नाही, लेकीलाही नाही. केटोला आहे, ज्यानं पाच वर्षांपूर्वी तिच्या उसळीबद्दल मालकाला कळवलं होतं. १८५२ शेजारी ठेवून १८५७ वाचलं की हा टोमणा आहे, आणि तोही गोऱ्या गृहस्थाच्या तोंडून पोचवलेला. फीबीला केटोनं काय लिहिलं होतं ते कळलं असेल का, हा प्रश्नच नाही. रोज त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला मुकादम काय कळवतो ते वाचावं लागत नाही.

तिसरा कागद युद्धानंतरचा. रेव्हरंड १८६३ मध्ये गेले. मेरी एकटी माँटेव्हिडिओ चालवू बघते आहे. माणसं आता स्वतंत्र आहेत, मजुरीचे करार करायचे आहेत. लेकीला लिहिलेल्या पत्रात केटोबद्दल शब्द येतात: उद्धट, आळशी, अप्रामाणिक. वर्षानुवर्षं ज्याच्या भरवशावर मळा टाकून घर परगावी राहिलं, तोच हा केटो. माझ्या रकान्यात त्याच्या नावापुढे तीन नोंदी आहेत, तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातच्या किंवा तोंडच्या, आणि तिन्हींत केटो वेगळा आहे. त्याचं स्वतःचं काय म्हणणं होतं ते त्यानं मालकाला सांगितलेल्या पत्रापुरतंच उरलंय, आणि मालकाला सांगितलेलं म्हणणं कितपत आपलं असतं ते आपण दप्तरं वाचणाऱ्यांनी वेगळं शिकायला नको.

युद्धाची पत्रं झपाट्यानं झाली. एक तर त्यांवर पुष्कळांनी लिहिलंय, दुसरं म्हणजे कागदाची टंचाई असल्यानं ती आटोपशीर आहेत. दक्षिणेत त्या काळी लिफाफे उलटून पुन्हा वापरत. आपल्यापैकी कुणाकडे तसा नमुना असेल तर शिवणीच्या आतल्या बाजूला जुना पत्ता दिसतो का ते बघा. १८६१ च्या जुलैतली पत्रं मात्र हळू वाचली. धाकट्या चार्ल्सची लहान मुलगी आणि बायको एकाच आठवड्यात गेल्या, आणि तान्ही दुसरी मुलगी आजीआजोबांकडे आली.

डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेकडच्या सरकारी फौजेचा सेनापती शेर्मन, त्याच्या सैन्याचे घोडेस्वार काउंटीत घुसले तेव्हा मेरीनं रोजनिशी ठेवली. घरात पुन्हापुन्हा झडती, लेक दिवस भरलेली, जावई कैदेत, जानेवारीच्या सुरुवातीला त्याच गोंधळात बाळंतपण. वाचण्यासारखी आहे यात वाद नाही. पण तिच्यासोबत दुसरं एक दप्तर ठेवावं असं माझं मत झालंय. १८७१ साली अमेरिकन सरकारनं सदर्न क्लेम्स कमिशन नेमलं: युद्धात सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या दक्षिणेकडच्यांचा जो माल सैन्यानं नेला त्याची भरपाई. दावे आले २२ हजारांहून जास्त, आणि लिबर्टी काउंटीतल्या दाव्यांत पूर्वीचे गुलाम मोठ्या संख्येनं आहेत. नेमलेलं काम संपवून उरलेल्या वेळात पिकवलेला मका, तांदूळ, पाळलेली डुकरं, कोंबड्या, काहींची घोडीसुद्धा. साक्षीदार, उलटतपासणी, किमती, सगळं नोंदलेलं. मेरीच्या रोजनिशीत सैनिक गुलामांच्या कोठ्याही लुटतात ते एका ओळीत येतं; दाव्यांत त्या एका ओळीची यादी मिळते. जोन्सांचे कागद वाचणाऱ्यानं हे दाव्यांचे कागद बाजूला ठेवले तर मळ्याचं अर्धंच चित्र हाती राहील.

शोधताना उपयोगी पडलेल्या काही गोष्टी. नाव एका स्पेलिंगनं शोधू नका: कॅशियस, कॅश, फीबीची तर चार रूपं केली मी. मालकाचं आडनाव गृहीत धरू नका, कारण स्वतंत्र झाल्यावर अनेकांनी वेगळंच आडनाव लावलं, काहींनी फार जुन्या मालकाचं. १८७० ची जनगणना ही पहिली, जिच्यात ही सगळी माणसं नावानिशी आहेत, म्हणून तिथून मागे यायचं. आणि पोचल्याच्या शेऱ्याचा रकाना आळस न करता भरा. कुठलं पत्र किती दिवसांनी पोचलं ते कळलं की कुणाला कुठली बातमी ठाऊक असताना कुणी काय लिहिलं याचा घोळ मिटतो. जेनच्या विक्रीच्या दिवसांत तर एकमेकांना ओलांडून गेलेली पत्रं आहेत.

पुढचा टप्पा: फ्रीडमन्स बँकेच्या (युद्धानंतर स्वतंत्र झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या बचत बँकेच्या) सव्हाना शाखेची खातेवही. खातं उघडताना आईबाप, भावंडं, मुलं यांची नावं विचारून लिहीत, विकली गेलेलीसुद्धा. क्लॅरिसा, नॅन्सी, बेक, मायली ही नावं घेऊन तिथं बसायचं आहे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर सूची आहे, पण सूचीतली नावं लिहिणाऱ्याच्या कानावर भरवसा ठेवून झालेली, त्यामुळे पानंच बघावी लागतील. आपल्यातल्या कुणी ही वही वापरली असेल तर कारकुनाच्या आखूड खुणा कशा वाचायच्या तेवढं कळवा. आणि धाकट्या चार्ल्सची युद्धानंतरची न्यू यॉर्कहून लिहिलेली पत्रं तक्त्यात घ्यायला मदतीचा हात हवा आहे. अक्षर सुवाच्य आहे, वकिली आहे, आणि लांबलचक आहे.