तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच्या टूल्सवर भागतं का?

"फुकटच्या टूल्सवर एसईओचं काम भागतं का हो?" (एसईओ म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणणं, तेच माझं काम.) हा प्रश्न मला हॉटेलवाल्यांनी विचारलाय, क्लासवाल्यांनी विचारलाय, एका दंतवैद्यांनी माझ्या दाढेत ड्रिल घालून विचारलाय. पाठोपाठ दुसरा असतोच: "मग आमच्या समोरच्याच्या साइटला किती ट्रॅफिक आहे, ते जरा बघून सांगा ना." पहिल्याला मी "भागतं की" म्हणून मोकळी होत आले आणि दुसऱ्याला एक आकडा देत आले. आज जरा बैजवार सांगते.

आधी पैशाचं. नावाजलेल्या टूल्सचं नेहमीच्या कामाला पुरेल असं पॅकेज घ्यायचं तर महिन्याला सहज १०० डॉलरच्या वर जातात. माझी गिऱ्हाइकं मला महिन्याला ८ हजार देतात, तेही दोनदा आठवण केल्यावर. तेव्हा माझ्या फुकटेपणामागे काही तत्त्व वगैरे नाही. आणि फुकट म्हणजे टाकाऊ असंही समजू नका. स्क्रीमिंग फ्रॉग ५०० पानांपर्यंत साइट फुकट तपासून देतो. माझ्या एकाही गिऱ्हाइकाकडे ५०० पानं नाहीत. समोरचा कुठल्या जाहिराती चालवतोय, ते मेटाच्या, म्हणजे फेसबुकवाल्यांच्या, ॲड लायब्ररीत कुणालाही दिसतं. आपल्या साइटवर लोक काय टाइप करून आले, ते गूगलचं सर्च कन्सोल १६ महिने मागेपर्यंत दाखवतं. यातल्या कशालाही दमडी पडत नाही.

एवढं माहीत असून मी काकांचं नुकसान केलं.

काका देवगडकडचे बागायतदार. दलालाला माल घालायचा कंटाळा आला म्हणून पुतण्याकडून साइट करून घेतलेली. त्यावर काकांनी स्वतः लिहिलेली १४ मराठी पानं होती. पेटी घरी आल्यावर पेंढ्यात आढी कशी लावायची, देठाकडून वास कसा घ्यायचा, मुंबईच्या फ्लॅटमध्ये आंबा कुठे ठेवायचा. आणि एक पान साक्यावर. साका म्हणजे हापूस बाहेरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. कापल्याशिवाय कळत नाही. "आमच्या पेटीतही दोनचार निघतात, फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ," असं काकांनी सरळ लिहून टाकलेलं.

फेब्रुवारीत काम माझ्याकडे आलं. मी काय केलं, तर पुण्यातल्या एका मोठ्या आंबेविक्रेत्याचं नाव, दुसऱ्यांच्या साइटवरच्या भेटींचा अंदाज देणाऱ्या एका फुकट टूलमध्ये घातलं. महिन्याला ९ हजार भेटी, सगळी पानं इंग्रजीत. मग काकांच्या पानांचे विषय एकेक करून घातले. साका, महिन्याला शोध शून्य. आढी, शून्य. कुठला शब्द किती जण शोधतात ते सांगणाऱ्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरकडे गेले, तर जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला तो "१०० ते १ हजार" असली ऐसपैस उत्तरं देतो. इथे तेवढंही नाही, नुसती रेघ. माझं मत झालं की ही पानं कुणी वाचत नाही, आणि साक्याचं पान तर आपणच आपल्या मालाची बदनामी. चौदाच्या चौदा उडवली, सगळ्यांचं रीडायरेक्ट होमपेजवर लावलं, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा थेट होमपेजवर जाईल असं केलं, आणि पुणेकरांच्या धर्तीवर सहा इंग्रजी पानं चढवली. असल्या घाऊक रीडायरेक्टला गूगल सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नाहीच असं समजतं, हे मला माहीत होतं. शून्य वाचकांच्या पानांना काय फरक पडतो, असं वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन. "यंदा फोन वाजणा नाय गो." मी म्हटलं, इंग्रजी पानं वर यायला वेळ लागतो. मेमध्ये पुन्हा फोन, मी पुन्हा तेच. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर, म्हणजे सगळं संपल्यावर, मी पुतण्याकडे सर्च कन्सोलचा ॲक्सेस मागितला. ते पहिल्यापासून त्याच्या ईमेलवर होतं. मी मागितलंच नव्हतं. दोन मिनिटांत मिळाला.

आदल्या वर्षीचे एप्रिल-मे काढले. साक्याचं पान, १,३४० क्लिक. खाली शोधांची यादी. "साका" हा शब्द जेमतेम. बाकी "हापूस आंबा आतून पांढरा", "आंबा कापल्यावर पांढरा का", हीच वाक्यं रोमन लिपीत, चार तऱ्हेच्या स्पेलिंगांनी, "पेटीत कच्चे आंबे आले काय करू". प्रत्येकापुढे पाच, सात, अकरा क्लिक. शहरातली माणसं दुसऱ्याच कुणाकडून घेतलेला आंबा कापून, हात पुसून हे टाइप करत होती आणि काकांच्या पानावर येऊन नंबर लिहून घेत होती. यादी स्क्रोल करत मी बराच वेळ बसले होते.

ॲड लायब्ररीही त्याच दिवशी उघडली. त्या पुणेकरांच्या जाहिराती मार्चपासून चालूच होत्या. त्यांचा धंदा त्या सहा इंग्रजी पानांसारख्या पानांवर चालत होता की जाहिरातींवर, हे ९ हजारांच्या आकड्यात कुठे दिसणार होतं?

आता तुम्ही म्हणाल, बघा, फुकटचं टूल नडलं. मलाही तसंच वाटलेलं. म्हणून एका मैत्रिणीच्या पैसे भरलेल्या अकाउंटवर तेच शब्द घातले. एकाला १०, बाकी शून्य. आधी हायसं वाटलं, मग जास्तच वाईट वाटलं, कारण टूलवर ढकलायची सोय गेली.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, शून्य दिसलं तर दुसरं काय समजणार? मी म्हणते, शून्य म्हणजे त्या टूलच्या वहीत नोंद नाही, एवढंच. ती म्हणते, त्या वर्षी मोहोरच उशिरा आला होता, फोन तसेही कमी आले असते. हे खरं आहे. किती कमी आले असते, ते ना तिला सांगता येतं ना मला. आणि वर ती म्हणते, काकांनी मला "तुका योग्य वाटात तां कर" असं सांगितलंच होतं की! यावर मी गप्प बसते.

जुन्या साइट्सच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये पाच पानं सापडली, साक्याचंही. जुन्याच पत्त्यांवर परत लावली. बाकीची नऊ काकांच्या डोक्यात होती. पुन्हा लिहायला त्यांना उत्साह नव्हता, आणि मला मागायचं तोंड नव्हतं. पुढच्या हंगामात क्लिक आले, निम्म्याच्या आसपास. काकांनी तोवर अर्धा माल पुन्हा वाशीला धाडायला सुरुवात केली होती.

हल्ली नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा सर्च कन्सोलचा ॲक्सेस मागते. बहुतेकांना तो कुणाच्या ईमेलवर आहे तेच माहीत नसतं. साइट करणारा पोरगा दुबईला असतो. मग म्हणतात, ते राहू द्या हो, समोरच्याचं काय ते सांगा.

परवा एका खानावळवाल्यांनी फारच मागे लागून विचारलं. मी त्याच टूलमध्ये त्यांच्या समोरच्याचं नाव घातलं. ४ हजार २०० आलं, ते सांगितलं. "अंदाजे" म्हणायचं राहून गेलं.